डावा हात कशाला हवा?

मला दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येक माणसाने माझ्या उजव्या हाताचं कौतुक केलं.

"नशीब समजा, डावाच गेला," कारखान्यातल्या आमच्या स्टोअरचे हेडक्लार्क म्हणाले. "उजवा शाबूत आहे ना? लिहायला मोकळे, जेवायला मोकळे आणि टेनिस खेळायलाही मोकळे!" थोरल्या भावाने तेच सांगितलं, शेजाऱ्यांनी तेच. कारखान्याचे मॅनेजरसाहेब आठवड्यातून तीनदा माझ्याबरोबर टेनिस खेळत, पण तेसुद्धा मोसंबी ठेवून हेच बोलून गेले. मी कमरेपासून डाव्या मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये पडलो होतो, त्यामुळे मान हलवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. मी मान हलवत असे आणि ते जिना उतरेपर्यंत मनातल्या मनात भांडत असे.

खांद्याच्या क्षयातून मी आता उठलो आहे. हाडाचा क्षय ज्यांना झाला आहे किंवा ज्यांच्या घरात झाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो. रोगाची माहिती डॉक्टर देतील. मला सांगायचं आहे ते त्या माहितीत येत नाही, आणि ते मला कोणी वेळेवर सांगितलं नाही म्हणून माझा अजूनही संताप होतो.

धर, वळ, मार, फेक

मी चिंचवडचा. गणपतमामा, म्हणजे माझ्या आईचा भाऊ, देहूरोडच्या लष्करी क्लबात मार्कर होता. जाळं बांधायचं, कोर्टावर चुना मारायचा, साहेबलोकांना जोडीदार नसेल तेव्हा त्यांच्याशी खेळायचं आणि नवशिक्यांना शिकवायचं, ही मार्करची नोकरी. शाळा सुटली की मी तिथेच असे. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला तेव्हा मुलाखतीत साहेबांनी मला टायपिंगबद्दल एक प्रश्न विचारला आणि टेनिसबद्दल दहा. नोकरी लागली. कारखान्याच्या कोर्टावर माझा बॅकहँड बघायला लोक चहाचा कप हातात घेऊन कुंपणाशी उभे राहत, आणि हे सांगताना मी लाजणार नाही. आयुष्यात चारचौघांपेक्षा बरी जमलेली तेवढी एकच गोष्ट.

लोकांना वाटतं, एका हाताचा बॅकहँड म्हणजे एकाच हाताचं काम. चेंडू डावीकडे आला की उजवा हात आडवा नेऊन हाणायचा, झालं. तसा हाणून बघा, चेंडू जाळ्यात जाऊन बसतो आणि मनगट दुखतं ते वेगळंच. जोर मनगटात नसतो, दंडातही नसतो. मामा शिकवताना कवायतीसारखा ओरडायचा, "धर, वळ, मार, फेक!" धर म्हणजे डाव्या हाताने रॅकेटची मान धरायची. त्याच हाताने ती मागे ओढली की उजवा खांदा हनुवटीखाली येतो, कंबर वळते आणि समोरच्याला आपली पाठ दिसते. ते झालं वळ. ओल्या पंचाला पीळ घालावा तसा सगळ्या अंगाला पीळ बसतो. मग उजवा पाय पुढे टाकून तो पीळ सोडायचा आणि चेंडू त्या पायाच्याही पुढे घ्यायचा. उजव्या हाताने फक्त घट्ट राहायचं. मार म्हणतात तो भाग सगळ्यात सोपा.

म्हणजे बॅकहँड मारतो उजवा हात, पण घडवतो डावा. हे मी हेडक्लार्कना कसं सांगणार?

बाही

आजार पहिल्यांदा यमुनेला दिसला. यमुना माझी बायको, वाकडची शेतकऱ्याची मुलगी. मी सदरा घालत होतो तेव्हा म्हणाली, "अहो, ह्या डाव्या बाहीत तुमचा दंड खुळखुळतोय. उजव्या बाहीत तसं न्हाई."

खांदा दुखत होताच. टेनिसमुळे दुखतोय असं मी म्हणत होतो आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. कारखान्याच्या डॉक्टरांनी तेल दिलं. थोरल्या भावाने आळंदीच्या एका हाडवैद्याकडे नेलं, त्याने असा रगडला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वैद्यबुवा म्हणाले, "शीर चढलीय." उतरली मात्र नाही. शेवटी पुण्याला मोठ्या दवाखान्यात जाऊन फोटो काढला. डॉक्टर गद्र्यांनी तो खिडकीकडे धरला, बराच वेळ बघितला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "क्षय आहे. सांध्यात उतरलाय."

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे यंदाच्या स्पर्धेला मुकणार का?"

त्यांनी फोटो खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. यमुनेने खुर्चीची पाठ धरली होती. तिला दिवस गेले होते आणि ते आम्ही अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

घरी परतलो तर क्षय हा शब्द आमच्या आधी पोहोचला होता. वहिनींनी माझं ताट-वाटी वेगळी ठेवली. हा खोकल्याचा क्षय नाही, हाडाचा आहे, असं मी दहा वेळा सांगितलं. "हो भावजी, नुसती काळजी म्हणून," असं म्हणत त्यांनी माझा पेला चिमट्याने उचलला. आणि कारखान्यातला जो तो विचारायचा, "अरे, आपल्याकडे एवढं औषध बनतंय, त्यातलंच घे की!" आमच्याकडे बनतं ते औषध या रोगाला चालत नाही, हे सांगून सांगून जीभ दुखली.

डॉक्टरांचा प्रश्न

दाखल झालो. इंजेक्शनं सुरू झाली, त्यांनी कानात सतत किरकिर असे. सोबत ताकातून घ्यायची एक भुकटी होती, तिने पोट ढवळून निघे. पण हे सगळं सोसता येतं. ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे तो प्लास्टरचा दिवस.

त्या सकाळी डॉक्टर गद्रे माझ्या खाटेवर बसले. "रोग थांबेल," ते म्हणाले, "पण सांधा पुन्हा हलणार नाही. हाड हाडाला जुळून जाईल. कोपर चालेल, बोटं चालतील, खांदा मात्र आम्ही जसा ठेवू तसाच जन्मभर राहील. आम्ही बहुधा पंजा तोंडाशी पोहोचेल असा ठेवतो. पण माणसामाणसाची गरज वेगळी असते, म्हणून विचारतो. तुम्हाला डावा हात कशासाठी हवा?"

इतक्या महिन्यांत माझ्या डाव्या हाताबद्दल कोणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. मला भरून आलं.

"बॅकहँडसाठी," मी म्हणालो.

"पण तो तर उजव्या हाताने..."

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या खाटेवरचे कासमभाई उठून बसले. मी खाली उतरलो, खाटेला अडकवलेला ताप लिहायचा लाकडी तक्ता काढला आणि तीच रॅकेट करून डॉक्टरांना दाखवलं. डाव्या हाताने धरून, दुखत असूनही मागे ओढून, पाठ दाखवून. डॉक्टर कॉलेजात थोडंफार खेळले होते. त्यांचे डोळे चमकले. "अरेच्चा! हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही," असं म्हणून ते स्वतः उभे राहिले आणि त्यांनीही करून बघितलं. आम्ही दोघांनी मिळून जागा ठरवली. दंड अंगालगत, कोपर कमरेच्या किंचित मागे, पंजा बेंबीच्या डाव्या बाजूला.

"बघा हं," ते थांबून म्हणाले, "असा ठेवला तर हा पंजा छातीच्या वर यायचा नाही. दोन्ही हातांनी तोंड धुता येणार नाही."

"उजव्याने धुईन."

"घरी कोणाला विचारायचंय?"

यमुना बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. आमच्यामध्ये एक दार होतं, तेही उघडं. "तिला टेनिसमधलं काही कळत नाही," मी म्हणालो.

प्लास्टर वाळत असताना ती आत आली. मी आनंदाने सगळं सांगितलं. तिने डबा स्टुलावर ठेवला आणि माझ्या त्या पांढऱ्या हाताकडे बघत राहिली.

"पोर उचलाया दोन हात लागत्यात," ती म्हणाली. "त्ये डाक्टरास्नी सांगितलं का?"

मी खाटेला अडकवलेल्या तक्त्याकडे बघायला लागलो.

"मी तितंच हुते की वो. हाक मारली असती तर आले असते."

त्या दिवशी तिने भाजी वाढली, पाणी दिलं, उशी नीट केली, आणि दुसरा शब्द बोलली नाही. नंतरही बरेच दिवस कामापुरतंच बोलणं होतं. पुढे ती बाळंतपणाला वाकडला गेली.

प्लास्टरमध्ये

प्लास्टरमधल्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं तरी माझी चिडचिड होते. उन्हाळ्यात आत घाम साचतो आणि त्याचा वास आपलाच असला तरी सहन होत नाही. दवाखान्यातला एक ढेकूण आत शिरला होता. तो एकच होता की त्याचं खटलं होतं, कोण जाणे, पण खाजवायला जागा नाही म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. यमुनेने जाण्याआधी स्वेटर विणायची लांब सुई माझ्या उशाखाली ठेवली होती. रागात असतानाही तिने ती आठवणीने ठेवली. त्या सुईने मला वाचवलं.

झोप पाठीवरच. कूस बदलायची म्हणजे वॉर्डबॉयला हाक मारायची. तो कुरुळीचा. "काय भाऊ, पलटी मारू का?" असं म्हणून भाकरी उलटवल्यासारखा मला उलटवायचा. माझा हात सदा पोटापुढे वाकलेला, पंजा अर्धवट मिटलेला. वॉर्डात येणारा प्रत्येक नवा पेशंट विचारायचा, "हातात काय धरलंय?" मी म्हणायचो, "रॅकेट." त्याला वाटायचं, ताप डोक्यात गेला.

शेजारचे कासमभाई चिंचवड स्टेशनजवळ लॉऱ्या दुरुस्त करत. त्यांच्या गुडघ्यात हाच रोग होता आणि तो सांधाही कायमचा जुळणार होता. डॉक्टरांनी त्यांनाही विचारलं, पाय सरळ ठेवू की थोडा वाकवून? कासमभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, दोन दिवस द्या. घरात बोलतो." मग त्यांची बेगम आली, सासरा आला, गॅरेजमधला जोडीदार आला. खाटेभोवती नुसती पंचायत. लॉरीखाली कसं घुसायचं, नमाजाला कसं बसायचं, टांग्यात कसं चढायचं, संडासात काय करायचं, सगळं निघालं. बेगमने तर त्यांना पाय ताठ करून खुर्चीवरून उठायला लावलं आणि पुन्हा बसायला लावलं. मी तोंडावर पंचा घेऊन हसत होतो. पायासाठी एवढी सभा! मला उत्तर द्यायला एक मिनिटही लागलं नव्हतं, याचीच मला तेव्हा घमेंड होती.

मुलगी झाल्याची बातमी मेव्हणा घेऊन आला. वाकडहून पुण्यापर्यंत सायकल हाणत आला होता, धुळीने पांढरा झालेला. "पोरगी झाली, दाजी! समदं बेस हाय," म्हणाला. मी विचारलं, "यमुना काही म्हणाली का?" तो जरा घुटमळला. "म्हनली, सुई गंजली आसंल तर दुसरी धाडते."

कोर्टावर

प्लास्टर निघालं तेव्हा आतून निघालेला हात मला माझा वाटेना. वाळलेला, कातडीचे पापुद्रे सुटणारा. पण दुखत नव्हता. कोपरात वाकत होता, बोटं मिटत होती, आणि खांदा दगडासारखा ठाम. पंजा अगदी ठरवल्या जागी. घरी आल्याबरोबर मी रॅकेट काढली आणि तिची मान त्या पंजात दिली. चपखल बसली. खरं सांगतो, मी रडलो.

अंगात ताकद यायला बराच काळ गेला. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या रविवारी मी कारखान्याच्या कोर्टावर गेलो. साहेब पलीकडे उभे राहिले. गणपतमामा आता थकला होता, तरी आला आणि लोखंडी रोलरवर बसला. यमुना पोरीला घेऊन कुंपणाबाहेर उभी होती. ती याआधी कधीच आली नव्हती.

साहेबांनी डाव्या अंगाला सावकाश चेंडू दिला. मी धरलं. वळलो. खांदा हलत नसल्यामुळे वळायला सगळं अंग न्यावं लागलं, म्हणून पूर्वीपेक्षाही छान वळलो. उजवा पाय टाकला आणि मारला. आवाज जुनाच आला, भरलेला. मान वर करून बघतो तर चेंडू साहेबांच्या डोक्यावरून, कुंपणावरून पलीकडच्या बाभळीत, आणि मी स्वतः गरकन फिरून जाळ्याकडे छाती करून उभा.

"सवय सुटलीय," साहेब म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा बाभळीत. मग हळू मारला तर जाळ्यात. मग पुन्हा बाभळीत. काही कळेना. धरतो बरोबर, वळतो बरोबर, पाय बरोबर, चेंडू पुढ्यात. मग हे काय? मी घामाघूम झालो आणि मामाकडे बघितलं. तो रोलरवरून उठला होता.

"फेकला न्हाईस," तो म्हणाला.

"काय?"

"डावा हात. मारला की डावा मागं फेकायचा. त्यो मागं गेला म्हंजी छाती आडवी ऱ्हाती, अंग फिरत न्हाई. धर, वळ, मार, फेक. ल्हानपनापास्नं वरडतोय मी."

धर, वळ, मार, फेक. हजार वेळा ऐकलेलं. डाव्या हाताचं काम दोनदा असतं, आधी धरायचं आणि चेंडू लागताना मागे उसळायचं. ते उसळणं इतकं आपसूक होत असे की ते करतो हे मी विसरून गेलो होतो. आता कोपरापासूनचा हात तेवढा लोंबत होता आणि दंड अंगाला चिकटून होता. जोर आला होता सगळा, पण त्याला आवरणारं कोणी नव्हतं.

"फेकू कुठून, मामा?" मी म्हणालो.

मामा पुन्हा रोलरवर बसला. साहेबांनी उरलेले चेंडू गोळा केले. मी रॅकेट आपटली नाही, कारण यमुना बघत होती. पण डाव्या हाताचं महत्त्व कळत नाही म्हणून ज्याने गावभर शिव्या घातल्या, त्या शहाण्यालाच अर्धा डावा हात ठाऊक होता, आणि त्याने उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना सांगून जन्माचा बांधून घेतला. एवढा राग मला रोगाचाही आला नव्हता.

पुन्हा तपासणी

तपासणीला पुण्याला गेलो तेव्हा यमुना पोरीला घेऊन बरोबर होती. डॉक्टर गद्र्यांनी नवा फोटो बघितला आणि खूश झाले. "आणि बॅकहँड?" त्यांनी हौसेने विचारलं. एका शिकाऊ डॉक्टरालाही बोलावून घेतलं, "हे बघ, यांचा खांदा आपण टेनिससाठी बसवलाय."

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण जमलं नाही. मी टेबलावरची फुटपट्टी उचलली, धरली, वळलो, मारली आणि गरकन फिरलो. मग मामाचं म्हणणं सांगितलं.

डॉक्टरांनी फुटपट्टी माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली. "त्या दिवशी तुम्ही मला चेंडू लागेपर्यंतचंच दाखवलंत," ते हळूच म्हणाले. "पुढचं दाखवलं असतंत तर मी म्हटलं असतं, हे दोन्ही एका जागी होणार नाही. मग पंजा तोंडाशी पोहोचण्याचाच विचार करा."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच मला भांडायलाही कोणी उरलं नाही.

आता मी बॅकहँड कापून खेळतो. रॅकेट वरून खाली, चेंडू तासल्यासारखा, अंग फारसं न वळवता. चेंडू जातो, खाली राहतो, रेषेच्या आत पडतो. जोर नाही. असं खेळणाऱ्यांना मी पूर्वी भाजी चिरणारे म्हणायचो. सर्व्हिसला चेंडू वर टाकायचा तर तो मनगटानेच उडवावा लागतो, तेही जमवलं आहे. साहेब म्हणतात, "चाललंय की!" चहाचा कप घेऊन कुंपणाशी मात्र कोणी उभं राहत नाही. याला बरा झालो म्हणतात आणि मीही तसंच सांगतो, पण मला अजून तो पूर्वीचा फटका हवा आहे आणि तो मिळणार नाही.

तुम्हाला हाच रोग असेल तर इंजेक्शनं चुकवू नका, ताट वेगळं ठेवणाऱ्यांशी भांडण्यात दम घालवू नका आणि एक लांब सुई जवळ ठेवा. आणि डॉक्टर कधी खाटेवर बसून विचारतील, हात कशासाठी हवा, पाय कशासाठी हवा, तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. दाराबाहेर डबा घेऊन जे माणूस बसलं असेल, त्याला आधी आत बोलवा.

त्या दिवशी तपासणी करून चिंचवड स्टेशनावर उतरलो. यमुनेच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर. पोर जड झाली होती. पिशवी मी घेतली, तरी ती दमलेली दिसत होती. फलाटावर ती थांबली. माझ्या डाव्या हाताकडे तिने बघितलं, अंगालगतचा दंड, कमरेमागे गेलेलं कोपर, पोटापुढे वाकलेला पंजा. मग तिने पोरीला उचललं आणि माझ्या कडेवर, त्या वाकलेल्या हातात ठेवलं. पोर तिथे बसली. घसरली नाही, कलली नाही. ती जागा जणू तिच्यासाठीच मोजून घेतली होती. मला तिला उचलता येत नाही, अजूनही येत नाही, प्रत्येक वेळी यमुनेलाच ठेवावं लागतं.

यमुनेने माझी बोटं पोरीच्या परकराभोवती मिटवली.

"धरा," ती म्हणाली. "आन् ह्या बारीला फेकू नगा म्हंजी झालं."